आभारप्रदर्शन बाकी आहे

कुंदा गेली त्या दिवशी सकाळी देवस्थळींचा फोन आला, आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की शोकसभेचा अध्यक्ष कोण असावा.

मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. माझी मुलगी वृंदा आत कुणाकुणाशी बोलत होती. कुंदा, माझी बायको, पहाटे गेली होती आणि चहाच्या वेळेपर्यंत सांगलीपासून मस्कतपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

"गुळवणी, फार वाईट झालं," देवस्थळी म्हणाले. "आता सभा ऑनलाइन घेऊ. जुने मस्कतवाले सगळे येतील. बर्वे टोरांटोहून येतो म्हणालाय. तिकडे तेव्हा पहाट असते, तरी येतो म्हणालाय."

"घ्या," मी म्हणालो.

"अध्यक्ष मीच होतो, तुमची हरकत नसेल तर. माझ्या भाषणाचे मुद्दे काढलेत. वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी. मग त्यांचा हसतमुख स्वभाव. आणि शेवटी असं, की पाण्याची एवढी भीती असूनसुद्धा त्या मंडळाच्या प्रत्येक मोहिमेला आल्या. किनाऱ्यावर चटईवर बसून राहिल्या, पण आल्या. हा मुद्दा जरा हृद्य होईल. कसं?"

"कुंदाला पाण्याची भीती नव्हती."

"असं कसं? चटईवरच असायच्या की!" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "बरं, ते बघू. तुम्ही आधी सावरा. तुम्हाला दोन मिनिटं ठेवलीत. आभाराच्या आधी."

देवस्थळी खोटं बोलत नव्हते. माणूस एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहिला की ती त्याला आठवायलाही लागते. आणि ही गोष्ट तर आमच्या मंडळाने ठराव करून ठरवलेली होती.

मस्कतला आम्ही गेलो तेव्हा वृंदा बालवाडीत होती. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा कारखाना होता, त्यात मी स्टोअरकीपर. नोकरी कसली आहे हे कळल्यावर माझ्या आईने मिरजेत हाय खाल्ली. माझ्या पत्रिकेत जलघात आहे. पाण्यापासून जिवाला धोका. बारशालाच गुरुजींनी तसं सांगितलं होतं आणि आईने ते असं मनावर घेतलं, की शाळेची सहल नदीकडे निघाली की मला घरी ताप यायचा. कृष्णाकाठच्या जिल्ह्यात वाढून मी घोट्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. आंघोळीची बादलीसुद्धा आई अर्धीच भरायची. असा मी समुद्र उपसणाऱ्या कारखान्यात लागलो. पगार चांगला होता आणि समुद्र पाइपातून यायचा.

तिथे मराठी माणसांचं सागर-सह्याद्री साहस मंडळ होतं. देवस्थळी त्याचे संस्थापक, अध्यक्ष आणि घटनाकार. एका बांधकाम कंपनीत ते हिशेबाचं बघायचे, पण शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण यायची आणि हातात बॅटरीवरचा भोंगा. सहलीला सहल म्हटलेलं त्यांना चालत नसे. मोहीम म्हणायचं. डोंगरातल्या कोरड्या नद्या, वाळूच्या टेकड्या, कासवं अंडी घालतात तो किनारा, सगळीकडे आम्ही मोहिमा नेल्या. प्रत्येक ठिकाणी नारळ, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख. कासवांच्या किनाऱ्यावर तर एक कासवीण आमचं प्रास्ताविक अर्ध्यापर्यंत ऐकून अंडी न घालताच परत गेली.

मंडळात पदाशिवाय कुणी नव्हतं. मी सामानप्रमुख होतो. बाकीचे वर चढले की खाली थांबायचं, हे सामानप्रमुखाचं काम. जलघातवाल्याला ते बरं होतं. सगळ्या बायका भोजन समितीत होत्या. शेगडी मांडायची, कढई ठेवायची, पुरुष साहस करून आले की त्यांना वाढायचं.

चटईवर बायका एकमेकींकडे तोंड करून बसत. कुंदा तेवढी समुद्राकडे तोंड करून बसायची. कांदा चिरतानाही तिकडेच बघायची. बोट कापून घेईल असं वाटायचं, पण कधी कापलं नाही.

"जा की, पाय तरी भिजव," मी म्हणायचो.

"नको. साडी ओली होते."

पंजाबी ड्रेस घातलेला असला तरी ती हेच म्हणायची.

त्या वर्षीच्या वार्षिक मोहिमेला देवस्थळींनी जागा काढली ती मस्कतपासून सूर शहराच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका किनाऱ्यावर. किनाऱ्यासमोर समुद्रात एक खडक होता, घराएवढा उंच, वर सपाट. ओहोटीला मधली वाळू उघडी पडायची आणि चालत जाता यायचं. भरतीला त्याचं बेट व्हायचं. अंतर म्हणाल तर मिरज स्टेशनच्या फलाटाएवढं.

"वार्षिक समारंभ वर," देवस्थळी म्हणाले. "प्रमुख पाहुणे वर. भोजन खाली."

प्रमुख पाहुणे होते प्राध्यापक चिरमुले. निवृत्त, पुण्याचे, तरुणपणी किल्ले चढलेले. मुलाकडे मस्कतला आले होते. आणि त्या मुलासाठी देवस्थळींची मुलगी मैत्रेयी सांगून गेली होती. बोलणी चालू होती, म्हणून मुलगा आणि मैत्रेयी दोघंही त्या दिवशी मोहिमेला नव्हती. म्हणजे प्रमुख पाहुणे हे होऊ घातलेले व्याही होते, आणि त्यामुळे त्या दिवशीची तयारी कधी नव्हे एवढी होती. शाल होती. पुष्पगुच्छ होता. चिरमुल्यांना मांडी घालता येत नव्हती म्हणून देवस्थळींच्या घरची हातांची खुर्ची होती. ती खडकावर चढवताना चौघांचं साहस झालं.

"सेनापती आज सिंहासन घेऊन निघाले," कुंदा मला हळूच म्हणाली. देवस्थळींना ती घरात सेनापतीच म्हणायची.

पुरुष खडकावर गेले. खाली राहिलो मी, बायका, मुलं आणि कंबर धरलेले एक जोशी. कुंदाने तेलाचा नवा डबा उघडला, सगळं तेल कढईत ओतलं आणि वडे सोडायला घेतले. देवस्थळींचं प्रास्ताविक झालं. मग चिरमुल्यांचं व्याख्यान, 'साहस आणि मराठी माणूस'. भोंग्यातून सगळं खालपर्यंत ऐकू येत होतं.

मध्येच कुंदाने झारा थांबवला.

"अहो, पाणी फिरलं."

"म्हणजे?"

"भरती लागली. तो काळा दगड बघा, मघाशी कोरडा होता. त्यांना म्हणावं, आटपा."

मी वाळूच्या पट्ट्यावरून थोडा पुढे गेलो. पाणी दिसताच थांबलो आणि तिथूनच ओरडलो, "देवस्थळी! भरती लागली! खाली या!"

वरून भोंगा माझ्याकडे वळला. "गुळवणी, व्याख्यान चालू आहे."

व्याख्यान संपलं. टाळ्या झाल्या. मी पुन्हा ओरडलो. पाणी आता पट्ट्याच्या दोन्ही कडांना लागलं होतं, पण मधून चालता आलं असतं.

"आलोच!" देवस्थळी म्हणाले. "फक्त आभारप्रदर्शन बाकी आहे."

आभार बर्वे मानणार होता. आदल्या वर्षीही त्यानेच मानले होते आणि त्यात रानड्यांचं नाव राहिलं होतं. रानड्यांनी कागदी बशा आणल्या होत्या. त्यांनी मंडळ सोडलं, जाताना चार कुटुंबं नेली आणि दुसरं मंडळ काढलं. त्यामुळे या वर्षी बर्व्याला सक्त ताकीद होती, कुणाचंही नाव गाळायचं नाही. बर्व्याने गाळलं नाही. शेगडी देणाऱ्याचे आभार झाले, शेगडी ज्या गाडीतून आली त्या गाडीवाल्याचे झाले, गाडीवाल्याच्या पत्नीचे झाले. खाली पाणी वाळूवर सरकत होतं.

"बर्वे, बस करा!" मी ओरडलो.

बर्व्याने देवस्थळींकडे बघितलं. देवस्थळींनी चिरमुल्यांकडे बघितलं. पाहुण्यांसमोर, आणि तेही अशा पाहुण्यांसमोर, समारंभ अर्धवट सोडायचा कसा?

"सामानप्रमुख श्री. गुळवणी," बर्वे भोंग्यातून म्हणाला, "जे आपल्याला वेळोवेळी सूचना देत आहेत, त्यांचेही मंडळ आभारी आहे."

टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत पट्टा गेला. बघता बघता दोन बाजूंचं पाणी एकमेकांना मिळालं आणि त्यावर लाट आली.

आधी कुणाला गांभीर्य वाटलं नाही. वर थोडा हशाही झाला. खडकाचा माथा बुडत नव्हता, ओहोटी लागेपर्यंत बसायचं, एवढंच. देवस्थळींनी भोंग्यातून धीर दिला, "घाबरायचं कारण नाही. मंडळाकडे सर्व सुरक्षा साधनं आहेत!"

होती. दोर होता, तो माझ्याजवळ सामानात होता. तरंगायची नारिंगी जाकिटं होती. मळू नयेत म्हणून ती दुकानातल्या प्लास्टिकमध्येच ठेवलेली असायची आणि नवीन पाहुण्यांना दाखवून परत गाडीत जायची. ती देवस्थळींची गाडी आमच्या शेजारी उभी होती. किल्ली देवस्थळींच्या खिशात, खडकावर.

मग चिरमुले बोलायचे थांबले. वर काहीतरी बिघडलंय हे आम्हाला त्यावरूनच कळलं, कारण व्याख्यान संपल्यावरही त्यांचं बोलणं चालूच होतं. ते खुर्चीत वाकडे झालेले दिसले. कुणी त्यांना शालीने वारा घालत होतं. भोंग्यातून बर्व्याचा आवाज आला, या वेळी कागद न बघता.

"अहो, सरांना डायबेटिस आहे! जेवण लगेच आहे म्हणून त्यांनी मघाशीच गोळी घेतलीय! घाम सुटलाय, हात थरथरतायत! इथे खायला काही नाही!"

देवस्थळींच्या पत्नी, शालिनीताई, चटईवरून उठून उभ्याच राहिल्या. "देवा, हे काय झालं," एवढंच म्हणाल्या. खडकावर नारळ होता, पण तो उद्घाटनाला फोडून समुद्राला वाहून झाला होता.

जोशींनी कंबर सोडली आणि स्वतःची गाडी घेऊन मच्छीमारांच्या गावाकडे गेले. शुक्रवारची दुपार, सगळे नमाजला गेलेले. होडी मिळायची तेव्हा मिळणार होती.

मी वळून बघितलं तर कुंदा चटईवर नव्हती. शेगडी बंद होती. तिने लाडवांचा स्टीलचा डबा काढला, त्यातले शेंगदाण्याचे लाडू हलवून गच्च बसवले आणि डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला. मग रिकाम्या तेलाच्या डब्याचं झाकण घट्ट पिळलं, तो आडवा धरला आणि ओढणीने लाडवांचा डबा त्याच्यावर आवळला. गाठ मारताना तिने ती दातात धरली. ही गाठ तिने आधी पुष्कळदा मारलेली आहे, हे मला स्टोअरकीपर म्हणून कळलं. पण कुठे, कशाला, ते कळलं नाही.

"कुंदा, काय करतेस?"

"चष्मा धरा," ती म्हणाली.

मी चष्मा धरला. ती पाण्यात शिरली. गुडघा, कंबर, आणि मग एकदम आडवी झाली. डबा पुढे ढकलत जायला लागली. हात मारताना पाण्याचा आवाज होत नव्हता.

"आईला येतं?" वृंदाने मला विचारलं.

मी लग्नाचा नवरा. मला माहीत नव्हतं.

ती थोडी आत गेली आणि थांबली. तिथे पाय टेकत नसणार, पण ती उभी असल्यासारखी थांबली आणि मागे वळली. चष्म्याशिवाय तिला पुसटच दिसायचं, तरी बरोबर माझ्याकडे तोंड करून ओरडली.

"तुम्ही मागे व्हा!"

मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणते आहे.

"अहो, तुम्ही! बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा, मग मी जाते!"

मी खाली बघितलं. माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी केव्हा आत गेलो ते मला समजलं नव्हतं. मी मागे मागे येत कोरड्या वाळूवर उभा राहिलो. मग ती वळली. बायका त्याही परिस्थितीत हसल्या. "समुद्रातून सुद्धा नवऱ्याला दटावते," शालिनीताई म्हणाल्या.

खडकापाशी पोचून तिने लाडवांचा डबा वर दिला. चिरमुल्यांच्या तोंडात लाडू कुस्करून घातला गेला. बराच वेळ भोंगा गप्प होता. मग बर्व्याचा आवाज आला, "सरांनी दुसरा मागितला!" आणि शालिनीताई मटकन खाली बसल्या.

आता कुंदा खडकावर चढून बसेल, होडी आली की येईल, असं सगळ्यांना वाटलं. देवस्थळींनी वरून हात दिला. तिने तो धरला नाही. तेलाचा डबाही त्यांच्याकडेच ठेवला आणि पाठ फिरवून निघाली. किनाऱ्याकडे नाही, खडकाला वळसा घालून, पलीकडे, मोकळ्या समुद्राकडे.

"वहिनी!" भोंगा ओरडला. "वहिनी, परत या! तिकडची जबाबदारी मंडळ घेत नाही!"

ती खडकाआड गेली. मी चष्मा हातात धरून उभा होतो. पाण्याकडे पाऊल टाकायला मला बंदी झाली होती. मग दुसऱ्या बाजूने तिचं डोकं दिसलं. उताणी झाली होती. डोळे मिटून, हात पसरून, लाटेबरोबर वर-खाली होत होती. एवढी निवांत मी तिला घरात, चटईवर, झोपेतसुद्धा बघितली नव्हती. खडकावरची मंडळी कडेला येऊन बघत होती. तिने पुन्हा एक वळसा घेतला. मग सावकाश परत आली, केस पिळले आणि माझ्याकडे हात केला.

"द्या चष्मा. वडे गार झाले असतील."

होडी आली. मच्छीमारांनी चिरमुल्यांना खुर्चीसकट उतरवलं. जेवणं व्हायच्या आधी देवस्थळींनी गाडीच्या सावलीत कार्यकारिणीची तातडीची बैठक घेतली. सामानप्रमुख म्हणून मीही होतो.

"चिरमुल्यांच्या घरी काय निरोप जाईल याचा विचार करा," ते म्हणाले. "माझ्या मुलीचा प्रश्न आहे. तेव्हा असं ठरवू. भरती अनपेक्षित आली. लाडू मच्छीमारांनी होडीतून पोचवले. वहिनींचं नाव नको. त्यांना पाण्याची भीती, त्या चटईवरच होत्या. त्यांच्याच दृष्टीने बरं. ओल्या कपड्यात, चारचौघांत, तुम्हाला कळतंय ना गुळवणी?"

"पण चिरमुल्यांनी बघितलंय."

"त्यांना त्या वेळी काय दिसत होतं ते त्यांना तरी ठाऊक आहे का?"

ठराव झाला. मी कुंदाला जाऊन सांगितलं. ती वडे परत तळत होती.

"चालेल," ती म्हणाली. "मुलीचं लग्न होऊ दे." मग कढईत बघत म्हणाली, "आभार नकोत, पण तो तेलाचा रिकामा डबा तेवढा मागून घ्या त्यांच्याकडून. मला लागणार आहे."

परत येताना वृंदा मागच्या सीटवर झोपली. कुंदाचे केस मिठाने चिकटले होते.

"कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"भिलवडीला. कृष्णेत. आमचे आप्पा पाठीला पत्र्याचा डबा बांधून डोहात सोडायचे. सगळ्या भावंडांत मी पुढे असायचे."

"मग इतकी वर्षं चटईवर का बसलीस?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, ह्याच्या पत्रिकेत पाण्याचा घात आहे, ह्याला पाण्यापाशी नेऊ नकोस. माझा हात हातात घेतला. मी शब्द दिला."

"तो माझ्यासाठी. तुला कुणी अडवलं होतं?"

"मी आत गेले असते तर तुम्ही माझ्या मागून आला असता."

"मी? मी पाण्याला भितो."

"आज आला होतात की, गुडघ्यापर्यंत. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

मी गाडी चालवत राहिलो.

"माझा पत्रिकेवर विश्वास नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही मागून याल यावर होता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आता तुम्हीच शिका. म्हणजे मला मागे वळून बघायला नको. पुढच्या शुक्रवारी डबा बांधते तुमच्या पाठीला."

"आणि आई?"

"आईंना कशाला सांगायचं? आप्पा म्हणायचे, डबा बांधलेला माणूस बुडायचं ठरवूनसुद्धा बुडत नाही."

मंडळ आम्ही सोडलं. भांडण नाही, काही नाही. आम्ही तिघंच जायला लागलो. नारळ नाही, भोंगा नाही. कुंदा दर शुक्रवारी पोहली. वृंदालाही तिने शिकवलं. मी चटईवर बसून सामान आणि चष्मा सांभाळायचो. माझा शुक्रवार मात्र पुढे जात राहिला. आधी कारखान्यात मशिनं बंद ठेवून दुरुस्ती निघाली, मग आई राहायला आली, मग पाणी फार गार झालं. सांगलीला परत आल्यावर नगरपालिकेच्या तलावाचं ठरलं. दर उन्हाळ्यात कुंदा म्हणायची, "यंदा?" आणि मी म्हणायचो, "यंदा नक्की." त्या तेलाच्या डब्याचं झाकण ती मधूनमधून काढून, पुसून, परत घट्ट लावून ठेवायची.

आई पुष्कळ जगली. जाईपर्यंत मला पाण्याचं विचारत होती. पत्रिकेत घात माझा होता. कुंदाच्या पत्रिकेत काही नव्हतं. गुरुजींनी ती उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं.

कुंदाचे दिवस झाल्यावर ऑनलाइन शोकसभा झाली. वृंदाने मला फोन टेबलावर उभा करून दिला. चौकोनांत सगळे दिसत होते, केस गेलेले, दात बदललेले. देवस्थळींनी चटणीपासून सुरुवात केली आणि पाण्याच्या भीतीवर संपवलं. तिथे त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खरोखर भरून आला होता. शालिनीताईंनी डोळे पुसले. बर्वे टोरांटोत स्वेटर घालून मान हलवत होता. मग माझी दोन मिनिटं आली.

मी भाषण ठरवलं नव्हतं. म्हणालो, "कुंदाला पोहता यायचं. चांगलं यायचं. चिरमुल्यांना लाडू तिने नेले होते."

सगळे चौकोन स्थिर झाले. फोन अडकला की काय, असं मला वाटलं.

"गुळवणी भावनावश झाले आहेत," देवस्थळी म्हणाले. "साहजिक आहे. ते लाडू मच्छीमारांनी..."

"बाबा, थांबा." एका चौकोनातून बाईचा आवाज आला. देवस्थळींची मैत्रेयी होती ती, आता चिरमुल्यांची सून. "काका, खरंच? आमचे सासरे शेवटपर्यंत एक सांगायचे. मी वर बसलो होतो, जीव चालला होता, आणि समुद्रातून एक बाई आली. लाडू दिला आणि समुद्रात परत गेली. घरात आम्ही सगळे म्हणायचो, साखर उतरल्यामुळे त्यांना भास झाला. त्यांना शोधायची होती ती बाई. आभार मानायचे होते."

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग समोरच्या कागदाकडे बघून ते म्हणाले, "यानंतर... आभारप्रदर्शन. श्री. बर्वे."

बर्व्याने कागद घेतला. पण तो वाचेना. नुसताच माझ्याकडे बघत राहिला.

मी फोन पालथा घातला. वृंदाला शिडी धरायला सांगितली आणि माळ्यावरून तेलाचा डबा काढला. कडेला थोडा गंज आहे. झाकण घट्ट आहे, हाताने निघालं नाही. शेवटचं तिनेच लावलेलं. हलवून बघितला, आत काही नाही, हवा आहे.

"बाबा, उद्या जाऊया तलावावर?" वृंदा म्हणाली. "मी बांधते डबा."

"उद्या नको," मी म्हणालो.

त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. डबा खाली आहे, कॉटजवळ. तिचा चष्मा त्याच्यावर ठेवलाय. मला अजून पोहता येत नाही.